शाहीनची भिंत आणि ती लाटू पाहणारे गृहस्थ

रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात प्रायमरचे डबे फळीवर लावून घेत होते. रफिकभाई म्हणजे शाहीनचा मोठा भाऊ. "मीनाताई, शाहीन गई," एवढंच म्हणाले. गडचिरोलीकडच्या एका गावात ती नव्या कामासाठी भिंत पाहायला गेली होती, तिथून ताप घेऊन परतली, हिवताप डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत संपलं सगळं... भद्रावतीत माझं रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मी शटर ओढलं, कोणाकोणाला कळवायचं ते कागदावर लिहून काढलं, एकेकाला फोन केले. तिच्या घरी जायला निघाले, तेवढ्यात फोनवर एक चित्र येऊन पडलं. श्रद्धांजलीचं. मध्यभागी हात जोडलेले एक गृहस्थ, पांढरा सदरा, चेहऱ्यावर दुःख. त्यांच्या मागे शाहीनने सावली तालुक्यातल्या एका तळ्याकाठी रंगवलेली भिंत. आणि खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, शाहीन. तिच्या फोटोखाली ओळ होती: ‘आमच्या संकल्पनेला रंगरूप देणारी गुणी कलाकार.’ तिची मय्यत अजून घरातून निघायची होती.

त्या एका ओळीमुळे मी हे लिहिते आहे. रडायचं ते मी घरी रडले. ते गृहस्थ चंद्रपुरात भिंती, चौक, बसथांबे सुशोभित करून देण्याची कंत्राटं घेतात. त्यांचं नाव मी या लेखात कुठेही लिहिणार नाही. हा माझा चांगुलपणा समजू नये. नाव छापून येणं हीच त्यांची भूक आहे, आणि ती माझ्या हातून भागणार नाही.

शाहीन आणि मी एका शाळेत, एका बाकावर. तिचे अब्बा पेंटर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. ट्रकच्या मागचे मोर आणि कमळंही त्यांचीच. शाळा सुटली की ती त्यांच्याजवळ बसून अक्षरांच्या कडा भरायची आणि मी शेजारी बसून कोणत्या डब्याला कोणतं झाकण ते लावायचे. आमचे पुढचे धंदे तिथेच ठरले म्हणायला हरकत नाही. मोठी झाल्यावर ती मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत चित्रं काढू लागली. पुस्तकं नागपूर-पुण्याला छापली जायची, चित्रं मात्र भद्रावतीतल्या तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हायची. एक दिवस दुकानात आली आणि म्हणाली, "मीने, मी नदी काढते, मासे काढते, जाळं काढते. पन ज्या पोट्ट्याईचं चित्र काढते त्याईच्या घरी हे पुस्तक कधी जातच नाई. बाहेरचा रंग दे बरं मले. भिंतीवर टिकते तो."

पहिली भिंत माजरीला झाली, खाणकामगारांच्या वसाहतीतल्या बालवाडीची. त्यानंतर ती थांबली नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत तिच्या भिंती आहेत. ठिकाणं ती निवडायची, बाकीचं सगळं माझ्याकडे: ग्रामपंचायतीचा ठराव, बांबू, सुतळी, डबे, ब्रश, जेवणाची सोय, परतीची बस. डबे आम्ही एसटीतूनच न्यायचो. एकदा मूल गावाच्या पुढे रस्त्याला खड्डे लागले, डबे आपटायला लागले, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, धरून बसा त्याले. झाकन निघालं त आपल्या बसचा पोळा होऊन जाईन." शाहीन इतकी हसली की डबा सोडून मला तिलाच धरावं लागलं.

तिची कामाची रीत वेगळी होती. भिंतीवर आधी नुसत्या गेरूच्या रेषा काढायची. मग रंगाला हात न लावता भिंतीसमोर खाट टाकून आठवडाभर बसून राहायची. चित्रातली माणसं त्याच गावातली, खरी, त्यांना विचारून घेतलेली. ती येणार, स्वतःला पाहणार, शेजाऱ्याला पाहणार आणि भांडणार. हे भांडण संपेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही, हा तिचा नियम. मला सुरुवातीला हा वेळेचा सत्यानाश वाटायचा. मी म्हणायचे, मारून टाक एकदा रंग, भांडतील आणि गप्प बसतील. ती म्हणायची, "तुह्या दुकानात गिऱ्हाईक रंग पाहून घेते का नाई? मंग यायनं आपलं तोंड पाहून घ्याव नाई?"

तळ्याकाठच्या त्या गावात तर भांडण भलतंच रंगलं. गाव ढीवरांचं. तळ्यात मासे धरायचे, थोडी धानाची शेती, उरलेले दिवस मजुरी. मासेमार संस्थेच्या गोदामाची लांब भिंत तळ्याकडे तोंड करून उभी आहे, तिच्यावर चित्र होतं उन्हाळ्याआधीच्या मोठ्या मासेमारीचं. त्या दिवशी सगळं गाव मिळून एकच जाळं ओढतं. जाळ्याच्या मधोमध शाहीनने एक वाळकी, ताठ कण्याची म्हातारी काढली होती आणि तिच्यामागे तिची सून सखूबाई. सखूबाई भिंतीपुढे आली, कमरेवर हात ठेवून पाहत राहिली आणि मग कडाडली.

"पेंटरबाई, हे काय करून ठेवलं वं? सासू सामोर अन् मी तिच्या मांगं? जिंदगीभर तिच्या मांगंच उभी राह्यली, आता भिंतीवर बी?"

म्हातारी तेव्हा जिवंत होती. खाटेच्या पायाशी बसून तंबाखू मळत म्हणाली, "मांगं राहून जाळं त कधी ओढलं नाई तुनं. नुसती मले ढकले."

"पाहा! पाहा! ऐकून राह्यल्या ना?"

शाहीनने शांतपणे विचारलं, "मंग कुठी पाहिजे तुले जागा?"

सखूबाईने बराच विचार केला. "मले बांधावर बसव. वर. तिथून सगळ्याईवर नजर राह्यते. ह्या म्हातारीवर बी."

तशी ती बसली. जाळं ओढणाऱ्या सगळ्या गावाच्या वर, बांधाच्या टोकाला, निळं लुगडं ऐसपैस पसरून, एखाद्या पाटलिणीसारखी. म्हातारी मधोमध राहिली आणि दोघी खूश झाल्या. रंग झाला, गावाने मासे-भात घातला, आम्ही निघालो. मी सवयीने विचारलं, "सही?" शाहीनने मान हलवली. ती कुठल्याच भिंतीवर सही करायची नाही. तिचे अब्बा प्रत्येक पाटीच्या खाली बारीक अक्षरात नाव टाकायचे, पण तिचं म्हणणं, ती अक्षरं अब्बांची असायची. इथे चेहरे या लोकांचे, भांडणं या लोकांची, मी फक्त ब्रश धरला. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. मालावर छाप नसला की तो माल कोणाचाही होतो, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही.

आणि झालंही तसंच. भिंत पूर्ण झाल्यावर ते गृहस्थ जीपमधून फोटोग्राफर घेऊन आले. भिंतीपुढे उभे राहिले, तळ्याकडे पाहत उभे राहिले, एका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. शाहीनशी फार गोड बोलले. "आपण मिळून मोठं काम करू," म्हणाले. ती हो म्हणाली, कारण ती सगळ्यांनाच हो म्हणायची. पुढे काही महिने त्यांचं काही ऐकू आलं नाही. मग एका दुपारी सखूबाईचा फोन आला. लग्नाला म्हणून ती गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावी गेली होती.

"मीनाबाई, मी इथी हाओ."

"कुठी?"

"इथी, बसथांब्यावर. अन् मी इथी पयलेच येऊन राह्यली!"

मला वाटलं तिला ऊन लागलं. मग कळलं ते असं. त्या बसथांब्यावर आमच्या तळ्याचं चित्र मोठ्या फ्लेक्सवर छापून लावलं होतं. गाव गोंडांचं, ना तिथे तळं ना तसलं जाळं, आणि भिंतीवर सावली तालुक्यातले ढीवर. लोक सखूबाईला विचारत होते, बाई, हे कोण? त्यातून छापणाऱ्याने जागेत बसावं म्हणून चित्र उलटं फिरवलेलं. आरशात दिसावं तसं. सगळ्या बायांचे पदर उजव्या खांद्यावर, नथी दुसऱ्या नाकपुडीत, गाव सगळं डावखुरं. आणि बांधाचं टोक फ्लेक्समध्ये मावलं नाही म्हणून कापलेलं.

"अर्धी कापली मले!" सखूबाई फोनवर ओरडत होती. "अर्धं तोंड गेलं. उरलं त्याच्यात नथ उलट्या बाजूनं. पदर शेठाणीवानी. अन् सासू? सासू पुरीच्या पुरी हाय! मरून गेली तरी पुरी हाय!"

खाली ठळक अक्षरांत गृहस्थांचं नाव होतं आणि त्याआधी ‘संकल्पना व निर्मिती’. पुढे शोध घेतला तेव्हा कळलं की असे फ्लेक्स आणखी गावांत लागले आहेत. माजरीचे खाणकामगार एका देवळाशेजारी, भलत्याच गावच्या पोरी एका दवाखान्याबाहेर. ज्या माणसांनी आठवडाभर भांडून आपापली जागा मिळवली होती, त्यांना याने ताडपत्रीसारखं गुंडाळून कुठेही नेऊन टांगलं. वर या कामाबद्दल चंद्रपुरात त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. शाहीनला निमंत्रण होतं; तिला मागच्या रांगेत बसवलं. मी तिच्या शेजारी बसून दात आवळत होते. घरी येताना मी म्हटलं, "याला काढ कुठेतरी. बेडूक कर याचा. फुगलेला."

"मेंढकानं काय बिघडवलं वं आपलं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, पोलिसात जाऊ, पेपरात देऊ, वकील पाहू. मी सगळी तयारी ठेवली होती, कोणाकडे आधी जायचं, कोणाकडे नंतर. ती बसच्या खिडकीतून बाहेर पाहत होती. "छोड ना मीने," म्हणाली. "त्याच्याशी लढत बसली त पुढची भिंत कधी करू?" तिच्यापुरता विषय तिथे मिटला. तिने त्याला माफ केलं की विसरली की नुसतं बाजूला ठेवलं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मात्र माफ केलं नव्हतं, अजूनही केलेलं नाही. ती होती तोवर तिच्या शब्दाखातर गप्प होते. तो शब्द तिच्यासोबत संपला.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी दुसरा निरोप आला. गृहस्थ तळ्याकाठच्या त्या गावात श्रद्धांजली सभा घेणार होते. भिंतीचा रंग उडत चालला आहे, म्हणून तिच्यावर नव्या तंत्राची, अख्खी भिंत झाकणारी छापील पट्टी चढवून देणार होते, कायमची. आणि बाजूला ग्रॅनाइटची पाटी बसवणार होते. पाटीवर काय कोरलं आहे ते त्यांनी कौतुकाने फोटो काढून पाठवलंही होतं. सर्वांत मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव. शाहीनचं नाव चौथ्या ओळीत, ‘कै.’ लावून. मी रंगाच्या धंद्यात आयुष्य काढलं आहे. बाहेरच्या भिंतीचा तो रंग आणखी कित्येक पावसाळे काढेल, तो मीच दिला होता. पट्टी चढली असती म्हणजे खालचं चित्र कायमचं गेलं असतं, आणि वर उरली असती ती उलट्या पदरांची, अर्ध्या सखूबाईची छापील नक्कल. मी सखूबाईला फोन केला. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "येऊ द्या ना. सभा आमच्या गावात हाय."

मी सकाळच्या बसने पोचले. गोदामापुढे सतरंज्या, खुर्च्या, शाहीनचा हार घातलेला फोटो. पाटी जीपमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि खरं सांगते, रडले. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. त्यामुळे मला आणखी संताप आला. म्हणाले, "हे चित्र आधी माझ्या मनात उमटलं. शाहीनताईंनी ते भिंतीवर उतरवलं. या मातीतल्या प्रत्येक माऊलीजवळ मी बसलो आहे. प्रत्येकीचा चेहरा मला ओळखीचा आहे."

सखूबाई उठली. पदर नीट केला.

"साहेब, मंग मी कोन्ती हाओ यायच्यात?"

गृहस्थ हसले. भिंतीकडे वळले. चित्रात बाया पुष्कळ आहेत. त्यांची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली, परत आली, आणि मग त्यांनी मोठ्या आदराने अगदी मधोमध बोट दाखवलं. "तुम्ही तर केंद्रस्थानी आहात, माऊली. चित्राचा आत्माच तुम्ही."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"थे माही सासू होय!" सखूबाई म्हणाली. "सासू! मी थे वर, बांधावर बसून हाओ. तुमी कापून टाकली होती ना, थेच."

सतरंज्यांवरून हसू उठलं ते थांबेचना. एक म्हातारा उठून म्हणाला, "मी कोन्ता, साहेब?" दुसरी म्हणाली, "माही नथ कोन्त्या बाजूनं हाय, आता त सांगा." पोरांनी तर ताल धरला, मी कोन्ता, मी कोन्ता. गृहस्थांच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. सरपंच मधे पडले. माणूस तसा सगळ्यांशी जमवून घेणारा, ते म्हणाले, "पाटीचं आपण पुढच्या वेळी पाहू, साहेब. लोकं आता ऐकत नाईत." जीप आली तशी पाटीसकट गेली. हार घातलेला तो फोटो तेवढा खुर्चीवर राहिला.

सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही, असं लोक सांगतात. मला मिळालं. शाहीन गेल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले, सखूबाईच्या घरी, मासे आणि भात, दोनदा वाढून घेतला. त्या माणसाची मान ज्या रीतीने खाली गेली ती आठवून आजही बरं वाटतं. ते हे वाचत असतील तर त्यांनी जाणावं की बाकीच्या फ्लेक्सचे फोटो, गावांच्या नावांसह, माझ्याकडे आहेत. त्या प्रत्येक गावात मी एकेक सखूबाई शोधणार आहे.

जेवण झाल्यावर मात्र मी भिंतीपुढे जाऊन उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की हे संपलेलं नाही. सरपंच बदलतो. जीप पुन्हा येते. नाव नसलेली भिंत म्हणजे कुलूप नसलेलं घर. शाहीन असेपर्यंत सही न करण्याची तिची जिद्द होती, आता ती जिद्द सांभाळायला कोणी नाही... मी पिशवीत ब्रश आणि ऑइलपेंटचा छोटा डबा आणला होता. येतानाच आणला होता. पांढरा. हा रंग धुतल्याने जात नाही, तारेच्या ब्रशने घासावा लागतो.

बाया जमल्या. मी सांगितलं, शाहीनचं नाव लिहायचं आहे. मोठं.

सखूबाई म्हणाली, "पेंटरबाईले चाललं असतं काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

"मग काही नाही. तरीही लिहायचं."

मग जागेचा प्रश्न आला. भिंतीवर बोटभर जागा मोकळी नव्हती. पाण्यावर लिहावं तर मासे झाकतात, आभाळावर लिहावं तर बगळे. ज्याच्या अंगावर लिहावं तो माणूस तिथे उभा होता आणि प्रत्येकाच्या कपाळाला आठी. शेवटी सखूबाईनेच शिडी ओढून आणली आणि बांधाखाली लावली.

"माह्या लुगड्यावर लिहा," ती म्हणाली. "लय जागा हाय. ज्याले पुसाचं असन, त्यानं पयले मले खरवडून काढाव."

मी चढले. खाली दोघींनी शिडी धरली, सखूबाई बांधावरच्या त्या निळ्या लुगड्याखाली तोंड वर करून उभी राहिली आणि उजवीकडे घ्या, वर घ्या असं सांगत राहिली. मी जन्मभर रंग विकला आहे, लावला कधीच नव्हता. पहिलं अक्षर मोठं आलं, पुढची लहान होत गेली, आणि सगळं नाव पाण्याच्या दिशेने उतरलं. पेंटरच्या पोरीचं नाव, आणि अक्षर असं. ती असती तर तिने ते पुसून नीट लिहिलं असतं... पण ती असती तर लिहूच दिलं नसतं.